आधार रचावा लागतो

1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. नवरा गेलेल्या आणि पुन्हा लग्नाची मुभा नसलेल्या बाईला दिवस गेले, की तिच्यासमोर विहीर असे, गर्भ पाडण्याचं अघोरी औषध असे, नाहीतर जन्मलेल्या जिवाचा गळा दाबणं असे. ते उघडकीला आलं तर काळं पाणी. ज्या पुरुषामुळे हे ओढवलं त्याचं नाव कुठे येत नसे. फुले दांपत्याने अशा बायकांना आपलं दार उघडून दिलं: इथे या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. तिथे आलेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी स्वतःच दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात त्याच्याबरोबर रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या.

फुल्यांचं हे गृह म्हणजे प्रसूतिगृह होतं की आसरा? त्या दारात आलेल्या बाईला असा प्रश्न पडला नसता. तिला बाळंतपणही सुखरूप हवं होतं आणि जीवही वाचवायचा होता. आपण मात्र पुढे या दोन गोष्टींच्या वेगळ्या फायली केल्या. बाईचं दुखणं आरोग्य खात्याकडे गेलं, बाईला झालेली मारहाण गृह खात्याकडे, आणि तिला राहायला जागा लागली तर महिला व बालविकास विभागाकडे. प्रत्यक्षात एकच बाई या तिन्ही दारांत एकाच दुखऱ्या अंगानिशी उभी असते. गरोदरपणात पोटात लाथ बसली तर ती तक्रार कोणत्या खात्याची? नवऱ्याच्या संशयापायी दवाखान्यात जाता येत नाही म्हणून आजार वाढला, तर तो आजार की हिंसा?

गावातल्या, वस्तीतल्या आणि कामाच्या ठिकाणच्या बायकांच्या गटांसाठी तयार केलेल्या या पुस्तिकेत आरोग्य आणि सुरक्षितता यांची प्रकरणं मुद्दाम एकमेकांत मिसळलेली आहेत, ती यासाठी. पण विषयाकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘समाजाचा आधार’ असं आपण म्हणतो तेव्हा तो कुठेतरी आयता आहे आणि बाईने फक्त तिथवर पोचायचं आहे, असं वाटतं. तसं नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (2019-21) आकडे पाहा. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. 77 टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाहीच, शिवाय कोणाला सांगितलंही नाही. ज्यांनी मागितली त्या आधी माहेरी गेल्या, सासरच्या एखाद्या माणसाकडे गेल्या, शेजारणीकडे गेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांचा क्रम फार मागे लागतो. याचा सरळ अर्थ असा, की बाई पहिल्यांदा तोंड उघडते ती चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या माणसापाशी.

आणि गोची इथेच आहे. ‘दिल्या घरी सुखी राहा’ असं सांगणारी माणसंही त्याच अंतरावर राहतात. ‘घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच’ हे वाक्य पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी ओट्यावर ऐकू येतं. सासूला, दिराला, सरपंचाला, दोन्हीकडच्या भावकीला घराची अब्रू वाचवायची असते, आणि तिची किंमत बहुतेकदा त्या घरातल्या सुनेच्या अंगावर वसूल होते. म्हणून गाव म्हणजे आधार असं गृहीत धरता येत नाही. गावातल्या काही माणसांना तो हेतुपूर्वक रचावा लागतो. महाराष्ट्रात तो कसकसा रचला गेला, कुठे जमला आणि कुठे फसला, हे सांगणं हे या प्रस्तावनेचं काम.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हाच्या नगर जिल्ह्याचा हा दुष्काळी कोपरा. शिकलेली नर्स गावात नेऊन ठेवावी, ही त्यांची सुरुवातीची कल्पना चालली नाही. नर्स तरुण, परगावची आणि एकटी. गावातल्या बायका तिच्याशी मोकळ्या होईनात. मग गावांनाच आपल्यातली बाई निवडायला सांगितलं. निवडून आलेल्यांपैकी बऱ्याच जणींना अक्षरओळख नव्हती. अनेक जणी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि त्या आठवड्यात गावात काय घडलं ते एकमेकींना सांगत. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय, कुपोषण हे विषय त्या शिकल्या, पण त्याच खोलीत कोणाला मार बसला आणि कोणाची मुलगी तेराव्या वर्षी उजवली जाते आहे, याचीही चर्चा होई. जातीची उतरंड तशीच ठेवून आरोग्य सुधारणार नाही, हे आरोळ्यांनी ओळखलं होतं. गावात हातपंप बसवताना जागा दलित वस्तीतली निवडण्यामागे हाच विचार होता. पाण्यासाठी सवर्ण बायका तिथे आल्या, आणि एकदा पाणी एकत्र भरायला लागल्यावर दुखणी वेगळी ठेवणं कठीण झालं. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगाने त्यातून स्वस्त आरोग्यसेवेचा धडा घेतला. आपल्या विषयासाठी धडा वेगळा आहे: ज्या बाईला गावाने कशातच धरलं नव्हतं, तिच्या हाती गावाचं आरोग्य आलं, तेव्हा इतर बायकांना आपलं गाऱ्हाणं कोणापुढे मांडायचं हे कळलं.

गडचिरोलीची गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. त्या काळात ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढंच धरलं जाई. बंगांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभरच्या आरोग्यधोरणात स्त्रीरोग हा विषय म्हणून उभा राहिला. पांढरं जाणं, कंबर धरणं, अंग बाहेर येणं, पाळीत अतोनात रक्त जाणं, हे सगळं बाईच्या जातीला चिकटलेलंच असतं, असं मानून त्या बायका दुखणी अंगावर काढत होत्या. डॉक्टर पुरुष, दवाखाना लांब, पैसे नवऱ्याच्या खिशात, आणि सांगायचं काय तर नको त्या जागेचं! तपासणी शक्य झाली ती गावातल्या बायकांना आधी विश्वासात घेतल्यामुळे. एकीने सांगितलं, की दुसरीला आपलंही तेच आहे हे कळतं. लाज एकटीची असते तोवरच ती लाज. दहा जणींची झाली, की तिची मागणी होते.

त्याच जिल्ह्यात दारूविरोधात लोकांची चळवळ उभी राहिली आणि 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. राज्यात इतर ठिकाणीही गावातलं दुकान बंद करण्यासाठी बायकांनी मतदान मागितलं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. पुरेशी मतं आडव्या बाटलीला पडली की दुकानाला कुलूप. दारूबंदीचा फायदा किती आणि चोरट्या दारूचं काय, हा वाद जुना आहे, तो इथे उकरत नाही. पण घराच्या आत होणाऱ्या मारहाणीचं एक कारण गावाच्या चव्हाट्यावर आणून त्यावर बायकांनी मत नोंदवणं, ही गोष्टच मोठी होती. जी बाई नवऱ्याविरुद्ध तक्रार देऊ शकत नाही, ती शेकडो जणींबरोबर बाटलीविरुद्ध मत देऊ शकते.

शहरात चित्र निराळं. तिथे शेजार दाट, पण ओळख विरळ. बाईला घराबाहेर पडायला निमित्त लागतं, आणि पोलीस ठाणं हे सांगण्याजोगं निमित्त नाही. दवाखाना मात्र आहे. हेच हेरून मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं. बाथरूममध्ये घसरून पडले, स्टोव्ह भडकला, चुकून फिनेल प्यायले, असं सांगत येणाऱ्या बायका तिथल्या कर्मचाऱ्यांना नव्या नव्हत्या. नवं होतं ते त्यांना खोदून पण हळुवारपणे विचारायला शिकणं. जखमेची नोंद नीट झाली, जखम कोणी केली हे बाईच्याच शब्दांत केसपेपरवर आलं, तर पुढे कोर्टात तोच कागद तिच्या बाजूने बोलतो. मलमपट्टी झाल्यावर तिला वरच्या मजल्यावर किंवा शेजारच्या खोलीत समुपदेशकाकडे नेता येतं, आणि घरी विचारलं तर ‘दवाखान्यात गेले होते’ एवढं सांगून भागतं. त्याआधी, 1984 साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलीस यंत्रणेच्या आतच समाजकार्यकर्ती बसवायची, ही त्यामागची युक्ती. म्हणजे दार खाकी वर्दीवाल्यांचं, पण आत पहिलं ऐकून घेणारी बाई गणवेशाशिवायची.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, की जिथे बायका एकत्र राहतात आणि एकत्र राबतात तिथे आधार तयार व्हायलाच हवा. बीडने हा भ्रम फोडला. दर वर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एक दिवस खाडा पडला तरी पैसे कापले जातात. पहाटे उठून फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. राहायला कोपी, अंघोळीला आडोसा नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. जंतुसंसर्ग होतो, कंबर भरून येते, बाई दवाखान्यात जाते आणि तिथे तिला सांगितलं जातं, ‘पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल.’ 2019 मध्ये हा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांत तिशीच्या आतबाहेरच्याही होत्या.

इथे समाज नव्हता असं कोण म्हणेल? टोळी होती, नातेवाईक होते, आधी पिशवी काढून आलेल्या शेजारणी होत्या. ‘एकदाची कटकट मिटते’ हा सल्ला बाईला बऱ्याचदा बाईकडूनच मिळाला. उचल देणारा मुकादम, शस्त्रक्रियेचं बिल करणारा दवाखाना, खाडा परवडत नसलेला नवरा आणि मुलं झाली आहेत आता पिशवीचं काय काम असं समजणारी बाई, या सगळ्यांची सोय एकाच दिशेला होती. अशा ठिकाणी आधार म्हणजे दुसरा सल्ला मिळण्याची सोय: संसर्ग औषधांनी बरा होतो हे सांगणारं कोणी, सोनोग्राफीचा कागद वाचून दाखवणारं कोणी, सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यायला सोबत येणारं कोणी. टोळीतल्याच एखाद्या बाईला शिकवून, औषधांची पेटी देऊन ‘आरोग्य साथी’ करण्याचा प्रयत्न बीडमध्ये पुढे झाला, तो यासाठीच. ऊसतोड बाई गावात अर्धं वर्ष नसते. गावातली आशा कार्यकर्ती तिच्या उपयोगाची नाही. तिचा आधारही तिच्याबरोबर फडावर जायला हवा.

कायद्याबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे. इथे गटाच्या कामाच्या काही तरतुदींकडे लक्ष वेधते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यानुसार हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे हे कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘आपल्यालाच कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील’ या भीतीने गप्प बसणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हे कलम पाठ करून ठेवण्यासारखं आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी नांदत्या घरात राहण्याचा हक्क हाच कायदा बाईला देतो. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीवर तातडीचे उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांना बंधनकारक आहे. आधी पोलिसांचा कागद आणा, असं म्हणता येत नाही. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी पहिली फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. घरकामगार बाईचा मालकाच्या घरात लैंगिक छळ झाला, तर 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याची स्थानिक समिती तिच्यासाठीच आहे. आणि संकटाच्या घडीला 112 हा क्रमांक, सल्ल्यासाठी 181.

ही यादी पाठ असली म्हणजे काम झालं, असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे इतर कामांचा ढीग असतो, ठाण्यात ‘आधी समजुतीने घ्या’ हा सूर असतो. म्हणूनच एकटी गेलेली बाई आणि दोघीतिघींसोबत गेलेली बाई यांत फरक पडतो. सोबत जाणाऱ्या बायकांनी काही बोललं नाही तरी चालतं. त्यांनी तारीख, वेळ आणि अधिकाऱ्याचा हुद्दा वहीत लिहून घेतला, एवढ्यानेही समोरचा माणूस जरा सरळ बसतो.

आता धोक्याच्या गोष्टी. पहिली, तडजोडीचा सोस. गावाला तंटा मिटल्याचं श्रेय हवं असतं, भावकीला लग्न टिकल्याचं. गटानेही तोच सूर धरला, तर बाईने आणखी एक पंचायत अंगावर ओढवून घेतल्यासारखं होतं. परत नांदायला जायचं की नाही, हा निर्णय तिचा. तिने परत जायचं ठरवलं तरी गटाने रुसू नये, कारण बऱ्याच जणी कायमच्या बाहेर पडण्याआधी अनेकदा परत जातात. मात्र बलात्काराच्या प्रकरणात तडजोड कायद्यात बसत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर लैंगिक अत्याचार कळवणं हे ज्याला ज्याला ते माहीत आहे, त्याचं कायदेशीर कर्तव्यच आहे. हे बाईला किंवा मुलीला आधीच सांगावं. सगळं गुपित राहील असं वचन देऊन नंतर ते मोडणं वाईट.

दुसरी, तोंडाळपणा. पूर्वी गोष्ट पाणवठ्यावर फुटायची, आता ती व्हॉट्सॲपवर फुटते. एकीची सोनोग्राफी, दुसरीच्या जखमेचा फोटो गटावर टाकला, की तो संध्याकाळपर्यंत दिराच्या मोबाइलवर असतो. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. गटाने हा नियम सगळ्याच बाबतीत स्वतःला लावून घ्यावा.

तिसरी, फुकटच्या कामाची. 2005 पासून ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आल्या. लसीकरणापासून बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे, पण कागदोपत्री त्या स्वयंसेविका, मोबदल्याचा काही भाग कामागणिक. मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांना पुन्हा पुन्हा बसावं लागलं, ते उगाच नाही. बचत गटातल्या बायकांवरही स्वच्छता, पोषण, जनजागृती अशी कामं लादली जातात. बायकाच बायकांना सांभाळतील, असं म्हणून सरकारने अंग काढून घेणं सोपं आहे. तेव्हा हे ठासून सांगायला हवं: गट हा दवाखान्याला, ठाण्याला, आसरागृहाला पर्याय नाही. गटाने बाईला तिथवर न्यायचं, आणि तिथे डॉक्टर नसेल, पलंग नसेल, समुपदेशक नसेल, तर तसा अर्ज ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदाराकडे लावून धरायचा. सोबत करणाऱ्या बाईची स्वतःची सुरक्षितता हाही गटाचाच विषय. ज्या नवऱ्याविरुद्ध तक्रार झाली, तो तिच्याही दारात येऊ शकतो.

ही पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी असं नाही. ज्या गटापुढे आज पाळीचा प्रश्न आहे त्याने तिथून सुरुवात करावी, ज्याच्यापुढे मारहाणीचा आहे त्याने तिथून. पण कुठूनही सुरू केलं तरी दोनतीन बैठकांनंतर एक काम जरूर करावं. आपल्या गावातल्या किंवा वस्तीतल्या बायकांची घरोघर आठवण करावी आणि बैठकीला कोण कधीच येत नाही ते लिहून काढावं. नव्याने नांदायला आलेली, ओळख नसलेली सून. नवऱ्याने टाकलेली. पारध्यांच्या पालावरची. वीटभट्टीवर परजिल्ह्यातून आलेली. अंथरुणाला खिळलेली, ऐकू न येणारी. जिच्या नवऱ्याला गटातल्याच एकीचा भाऊ कर्ज देतो ती. जामखेडमध्ये गावाने कशातच न धरलेल्या बायकांच्या हाती काम दिलं होतं, म्हणून ते तळापर्यंत गेलं. आपल्या गटाच्या वहीत सह्यांची संख्या वाढते आहे आणि न येणाऱ्यांची यादी मात्र तेवढीच राहते आहे, असं दिसलं, तर बैठक पुढच्या वेळी त्या यादीतल्या एकीच्या अंगणात घ्यावी.